गच्चीची किल्ली आणि ओटीतलं हळकुंड

“ही किल्ली माझ्या कमरेवरून उतरवील असा माईचा लाल अजून जन्मायचाय!” जाईबाई दिवसातून एकदा तरी हे म्हणायचीच. समोर कोणी नसलं तर नळाला ऐकवायची!

आणि किल्लीही होती तशीच! वीतभर लांब, लोखंडाची. कुलपाला लावली तर गच्ची उघडेल आणि डोक्यात घातली तर कवटी. नऊवारीच्या निऱ्यांशेजारी जाड दोऱ्याने कमरेला बांधलेली. जाईबाई चालू लागली की ती खणखण वाजायची. तो आवाज जिन्यात आला की पोरं पत्ते लपवायची, सुना पदर सावरायच्या आणि तिचा नवरा गणपत, गिरणीत साच्यांच्या खडखडाटात बेधडक उभा राहणारा गडी, हातातली विडी विझवायचा.

लालबागची ती तीनमजली चाळ. गॅलऱ्या सगळ्या आतल्या चौकाकडे तोंड करून. रस्ता, वारा आणि आभाळ, तिन्ही मिळायची ती फक्त गच्चीत. जाईबाई मालवणाकडून लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं सारवलेलं खळं डोळ्यांपुढून हलत नव्हतं. इथे दार उघडलं की समोरच्याचं दार! पहिल्याच महिन्यात तिने नवऱ्याला विचारलं, “अहो, तुमच्या मुंबईत आभाळ ठेवलंय तरी कुठे?”

गणपत म्हणाला, “वर. पण मालकाच्या मेहत्याने कुलूप घातलंय.”

त्या कुलपाशी ती वर्षानुवर्षं भांडली. गच्ची चाळीला द्यावी का, हे सगळ्या घरांना विचारा, असं तिने चाळ कमिटीला सांगितलं. तेव्हाची कमिटी मेहत्याला घाबरायची. “असले प्रश्न आम्ही मतांना टाकत नाही,” म्हणाली. मग जाईबाई तांब्याचा हंडा मांडीवर घेऊन जिन्यात बसली. पहिल्या पाळीचे गडी वर खोळंबले, गिरणीचा भोंगा होऊन गेला, बाई हलेना! शेवटी कमिटीने हात जोडले आणि जाईबाईने तिथल्या तिथे नियम सांगितला: “दहा घरं प्रश्न घेऊन उभी राहिली, की कमिटीने तो मतांना टाकायचाच. गाळायचा नाही, बदलायचा नाही, लांबवायचा नाही. कमिटीने फक्त हंडा मांडायचा. हंड्यात काय पडतं ते चाळ बघेल!”

नियम जिन्याच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिला गेला. जाईबाईला अक्षर येत नव्हतं, पण जाता येता ती त्या ओळींवरून पदर फिरवायची, देवाच्या तसबिरीवरून फिरवावा तसा. निम्म्या चाळीलाही अक्षर येत नव्हतं, म्हणून मत टाकायची रीतही तिनेच घालून दिली. घरटी एक मत. ‘हो’ म्हणायचं तर हंड्यात सुपारी टाका, ‘नाही’ म्हणायचं तर हळकुंड. सुपारी आणि हळकुंड कोणाला वाचता येत नाही?

तेव्हा हंडा सुपाऱ्यांनी भरला. मेहत्याने मुकाट्याने किल्ली दिली. ती जाईबाईने कमरेला बांधली. तात्पुरती हं! चाळ काहीतरी ठरवीपर्यंत. चाळीने काही ठरवलं नाही आणि किल्ली तिथेच रुजली.

आणि मग जाईबाई त्या मेहत्यापेक्षा कडक झाली! पोरं पतंग उडवतात, कुलूप. नवी जोडपी गुलुगुलु बोलतात, कुलूप. कोणीतरी तिच्या सांडग्या मिरच्यांवर ओली गोधडी टाकली, तर आठवडाभर कुलूप!

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरणगावात भिंत म्हणून कोरी राहिली नव्हती. परळला सभा असली की जाईबाई चूल विझवून पुढच्या रांगेत. घसा असा, की कर्णा बिघडला तरी सभेचं अडणार नाही. “दिल्लीवाल्यांनो, लोकांना विचारा! मुंबई कोणाची ते आम्हाला विचारा!” मागच्या बायका टाळ्या पिटायच्या. घरी आल्यावर दोन दिवस ती खुणेने स्वयंपाक करायची आणि गणपत ते दोन दिवस फार समाधानात काढायचा.

चैत्रात एक मोठा मोर्चा निघाला. थेट चाळीच्या पुढून जाणार! जाईबाईने सकाळी गच्चीत फेण्या वाळत घातल्या, कावळ्यांना शिव्या घातल्या, दाराला कुलूप घातलं आणि कपाळाला मळवट भरून मोर्चात शिरली. चाळीपाशी आल्यावर तिने मोठ्या अभिमानाने मान वर केली. आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्या बायकांनी फुललेल्या. फुलं पडतायत, लाह्या पडतायत. आणि हिच्या गच्चीत चिटपाखरू नाही!

“बघा गो बघा!” जाईबाई शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली. “ही आमची चाळ! एका बाईला चाड नाही! मेल्या झोपल्या असतील!”

ती बाई तिच्या कमरेकडे बघत म्हणाली, “मावशी, तुमचं काहीतरी वाजतंय.”

जाईबाईच्या ध्यानात काही आलं नाही. संध्याकाळी चाळीत पाय टाकल्याटाकल्या चौकात उभी राहून तिने सगळ्या बायकांची खरडपट्टी काढली. “महाराष्ट्र असा मिळतो काय? गच्चीत येऊन मूठभर फुलं टाकायला हात झडले तुमचे?”

पहिल्या मजल्यावरची कालिंदी हे ऐकत होती. तिचा नवरा त्या दिवशी मोर्चाच्या अगदी पुढे झेंडा घेऊन होता. तान्हं पोर काखेत घेऊन खाली गर्दीत जाता येईना, म्हणून ती दुपारभर गच्चीच्या दारापाशी बसून होती. घोषणा ऐकू आल्या, नवरा दिसला नाही. परडीतली फुलं पोराने खाल्ली.

“काकी,” ती कठड्यावरून वाकून म्हणाली, “फुलं होती. गच्ची तुमच्या कमरेला होती!”

चाळ अशी हसली की पाखरं उडाली. जाईबाईचा हात आपोआप किल्लीवर गेला. चेहरा क्षणभर पडला, पण ती काय पडू देणार? “माझ्या फेण्या तुडवल्या असत्या तुम्ही!”

“म्हणजे दिल्लीने आम्हाला विचारायचं आणि तुम्ही नाही? मग आता विचारूयाच! किल्ली काकींच्या कमरेला की जिन्यातल्या खिळ्यावर?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदी बायका घेऊन कमिटीच्या अध्यक्षांच्या दारात उभी राहिली. अध्यक्ष म्हणजे अच्युतराव. म्युनिसिपालिटीत कारकून, स्वभावाने इतका नेमका की अंघोळीला जातानाही ‘येतो’ असं नोंदवल्यासारखं म्हणायचा. त्याने दारातली माणसं मोजली. “नऊ घरं होतात, वहिनी. दहावं?”

नेमकी त्याच वेळी जाईबाईची सून शेवंती रिकामी पिशवी घेऊन गॅलरीतून चालली होती. दारापुढे बायकांची रांग दिसली. त्या काळात रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग विचारायचं. रेशनची साखर काय, घासलेट काय, चुकलं की गेलं! शेवंती उभी राहिली.

“दहा!” अच्युतराव म्हणाला. “प्रश्न दाखल: किल्ली जिन्यातल्या खिळ्यावर टांगावी काय? रविवारी हंडा मांडू.”

“साखर किती मिळणार?” शेवंतीने विचारलं.

दुपारी जाईबाईने सुनेची जी पूजा बांधली ती सांगत नाही. मग ती तडक अच्युतरावाकडे गेली. “अच्युता, तो प्रश्न फेकून दे. माझी सून साखरेला उभी होती!”

“काकी, कोण उभं राहिलं ते कमिटी बघते. कशासाठी उभं राहिलं हे बघायला कमिटीला कोणाच्या मनात शिरायचा अधिकार नाही.”

“मग पुढे ढकल. पावसाळ्यानंतर घेऊ.”

“लांबवायचा नाही.”

“बरं, निदान शब्द तरी नीट घाल. असं विचार, की ‘किल्ली खिळ्यावर टांगून गच्चीचा उकिरडा करावा काय?’”

“बदलायचा नाही. प्रश्न ज्यांनी आणला, शब्द त्यांचे.”

“शिरा पडो त्या नियमाच्या तोंडावर! कुठल्या मेल्याने केला हा नियम?”

अच्युतरावाने जिन्याच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवरच्या लाल ओळी पदर फिरवून फिरवून आरशासारख्या चकचकत होत्या.

जाईबाई घरी आली आणि चुलीपुढे बसून राहिली. गणपत हळूच म्हणाला, “अगो, दे ना किल्ली. वाजून वाजून माझे कान गेले.”

“तुमचे कान गिरणीने नेले!” ती म्हणाली. मग आवाज एकदम उतरला. “अहो, ह्या चाळीत माझं असं काय आहे? खोली तुमच्या नावाची, चूल सुनेच्या हातात चाललेली. वरचं आभाळ तेवढं मी आणलेलं. ते खिळ्यावर टांगलं, तर उद्या मला ‘काकी’ म्हणून कोण थांबेल?”

गणपतने विडी पेटवली. त्या दिवशी तिने ती विझवायला लावली नाही.

पण जाईबाई रडत बसणारी नव्हे! सकाळी उठली ती युक्ती घेऊनच. सुपारी चाळीतल्या प्रत्येक पानाच्या डब्यात असते, ती काही लपवता येत नाही. पण हळकुंड? रोजची दळलेली हळद डब्यात, अख्खं हळकुंड कोण बाळगतो? घरात हळकुंडच नसलं तर बाई हंड्यात टाकणार काय? सुपारीच! तेव्हा हळकुंडं घरोघर पोचवायला हवीत. उघडउघड वाटली तर लाच. पण चैत्र महिना! गिरगावातल्या बायका चैत्रात हळदीकुंकू करतात, मग लालबागने काय पाप केलंय?

ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली. “जेवढी हळकुंडं आहेत तेवढी दे.”

“सगळी? जाईबाई, लग्न आहे की काय घरात?”

“लग्नच आहे,” जाईबाई म्हणाली. “किल्लीचं आणि माझं!”

वाण्याने आतलं पोतंसुद्धा झटकून दिलं. शेजारच्या दोन दुकानांतलीही तिने उचलली. शत्रूला रसद मिळता कामा नये आणि मित्राला कमी पडता कामा नये, असा तिचा हिशोब.

हळदीकुंकू असं झालं म्हणता, की म्हाताऱ्या बायका अजून... पण त्या आता राहिल्यात कुठे! कैरीची डाळ, पन्हं, मोगऱ्याचे गजरे. हयातभर कोणाला वाटीभर साखर न दिलेल्या जाईबाईने स्वतःच्या हाताने एकेकीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, भिजवलेले हरभरे आणि हे एवढं टपोरं हळकुंड! सुपारी तेवढी मुद्दाम गाळली. आणि हळकुंड घालताना प्रत्येकीचा हात दाबून, डोळा किंचित बारीक करून म्हणाली, “जपून ठेव हो. रविवारी आठवण ठेव!”

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका वाकल्या, पाया पडल्या. कालिंदीसुद्धा आली. जाईबाईने तिचीही ओटी भरली, हात अंमळ जास्तच दाबला. कालिंदी म्हणाली, “काकी, तुमचा राग नाही हो मला.”

“मला तरी कुठाय!” जाईबाई म्हणाली आणि मनातल्या मनात ते घरही आपल्या बाजूला मोजलं.

रविवार उजाडला. जिन्याच्या चौकात नऊवारीचा आडपडदा, पडद्यामागे तोच जुना तांब्याचा हंडा, चिंचेने घासून लख्ख केलेला. घराघरातून एकेक बाई मूठ झाकून यायची, पडद्याआड जायची, टण्‌ असा आवाज व्हायचा आणि बाहेर येऊन जाईबाईकडे बघून गोड हसायची. जाईबाई पाटावर बसून प्रत्येक हसण्याला मान डोलवत होती. “बघ,” ती शेवंतीच्या कानात म्हणाली, “सगळ्या माझ्याच!”

“आई, पण टण्‌ वाजतंय,” शेवंती म्हणाली. “हळकुंड टण्‌ वाजत नाही.”

“तू साखरेच्या रांगेत उभी राहा!”

मग अच्युतरावाने सगळ्यांसमक्ष हंडा सतरंजीवर पालथा केला.

सुपाऱ्या! भाजक्या, कच्च्या, चिकणी, अर्धी कातरलेली, एक तर गोट्यांत वापरून गुळगुळीत झालेली. सगळ्या चौकभर घरंगळल्या. आणि त्यांच्या मधोमध, लग्नघरात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखं, एकच एक पिवळंधमक हळकुंड.

अच्युतराव खाकरला. “विरोधात एक. मत गुप्त असल्यामुळे ते कोणाचं, हे कमिटी सांगणार नाही.”

अख्ख्या चाळीने जाईबाईकडे बघितलं.

“अगो निमकहराम बायांनो!” जाईबाई उसळली. “पन्हं माझं प्यायलात, डाळ माझी गिळलीत! हळकुंडं कुठे गेली?”

शेजारची राधा पुढे झाली. ही जाईबाईची जन्माची मैत्रीण, तिच्या शब्दाबाहेर नसलेली. तिला रडूच फुटलं. “जाई, माझं मत तुलाच होतं गो! पण ओटीतलं हळकुंड हंड्यात कसं टाकू? वडीलधाऱ्या सवाशिणीने भरलेली ओटी! देव्हाऱ्यात ठेवलंय मी ते. तूच म्हणालीस, जपून ठेव!”

“माझं पण देव्हाऱ्यात!” दुसरी म्हणाली.

“मी तर लुगड्याच्या घडीत ठेवलंय. ओटी अशी कोणी परत करतं का? अवलक्षण!”

“मग दुसरं आणायचं विकत!”

“वाण्याकडे गेलो ना आम्ही!” चारपाच जणी एकदम ओरडल्या. “एक नव्हतं! म्हणाला, जाईबाईंच्या घरी लग्न आहे, सगळी त्यांनीच नेली!”

“मग काहीच टाकायचं नाही!”

“आणि भरल्या घरच्या बाईने रिकाम्या हाताने हंड्यापुढे जायचं?” राधा डोळे पुसत म्हणाली. “सुपारी होती घरात, टाकली.”

तेवढ्यात कालिंदी म्हणाली, “खरं सांगू, काकी? परवा घरी गेल्यावर मन बदललं होतं माझं. म्हटलं, जाऊ दे, राहू दे किल्ली त्यांच्याकडे. पण हळकुंडच नव्हतं!”

जाईबाईने आ वासला तो मिटेना. मग ती अच्युतरावाकडे वळली. “रद्द कर! ह्या सगळ्यांचं मत मला होतं! तूच ऐकलंस!”

“काकी, हंड्यातून जे पडलं तेच खरं. त्यात फेरफार करायचा कमिटीला अधिकार नाही.”

“गाळायचा अधिकार नाही, बदलायचा नाही, लांबवायचा नाही, रद्द करायचा नाही! मग मेल्या, तुझ्या कमिटीला अधिकार आहे तरी कसला?”

अच्युतराव शांतपणे म्हणाला, “हंडा घासायचा.”

किल्ली सोडताना गाठ सुटेना. इतक्या वर्षांची गाठ, दोरा अंगाचाच झालेला. शेवटी गणपतने विळीने कापला. चाळ हसायची थांबली होती. जाईबाईने किल्ली अच्युतरावाच्या हातावर ठेवली आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं. जाताना तिच्या पावलांचा आवाज पहिल्यांदाच नुसता पावलांचा आला.

थोड्या वेळाने दाराबाहेर ठोकाठोक ऐकू आली. अगदी उंबऱ्याला लागून! जाईबाईने दार उघडलं. वरच्या मजल्यावर तिच्या दारासमोरूनच गच्चीचा जिना चढायचा. तिथे, बसल्या जागी तिचा हात पोचेल इतक्या उंचीवर, अच्युतराव खिळा मारत होता. कालिंदी पोर काखेत घेऊन कंदील धरावा तशी किल्ली धरून उभी.

“हे काय? माझ्या डोक्यावर मारताय खिळा?”

“प्रश्नात ‘जिन्यातला खिळा’ एवढंच होतं,” अच्युतराव म्हणाला. “खिळा जिन्यात कुठे मारायचा, एवढा अधिकार कमिटीला आहे.”

कालिंदीने किल्ली टांगली. मग लगेच काढली. “काकी, गच्ची उघडते हां.”

जाईबाईने पदर खोचला. मग म्हणाली, “चप्पल काढून जा. फेण्या आहेत.”

त्या दिवसापासून किल्ली घेणारी प्रत्येक बाई आधी तिच्या दारात थांबायची. “काकी, घेते हां.” “काकी, ठेवली हां.” दिवसभर काकी, काकी! कमरेला होती तेव्हा बायका आवाज ऐकून पळायच्या, आता थांबून दोन शब्द बोलायच्या. गणपतचे कान पुन्हा गेले.

महाराष्ट्र झाला त्या मे महिन्याच्या संध्याकाळी गच्चीत पाय ठेवायला जागा नव्हती. खाली ढोल, लेझीम, गुलाल. गिरण्यांवर रोषणाई. कालिंदीचा नवरा मिरवणुकीत पुढे झेंडा घेऊन आला, तेव्हा तिच्याआधी जाईबाईनेच कठड्यावरून अख्खी परडी त्याच्या डोक्यावर उपडी केली. फुलं हातातून सुटली ती परडीसकट! मग ती मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली. राधाने विचारलं, “काय बघतेस गो?” तर म्हणाली, “काही नाही. खळ्यासारखं वाटतंय.”

आता ती चाळ नाही, भोंगा नाही. तांब्याचा हंडा कोणाच्या घरी गेला कोणास ठाऊक. पण जाईबाई होती तोवर निवडणूक आली की उमेदवार तिच्या पाया पडायला यायचे आणि ती आशीर्वाद द्यायची, “मत मागायला मोकळ्या हाताने जा रे बाबा. देऊन मागशील तर देव्हाऱ्यात जाशील!” आणि घरी आलेल्या सवाशिणीची ओटीही ती शेवटपर्यंत भरत होती. तांदूळ, नारळ, खण, मागे कधी गाळलेली ती सुपारीसुद्धा. हळकुंडाची वेळ आली की मात्र हात थबकायचा आणि दाराकडे तोंड करून ती अच्युतरावाला आधी हाक मारून विचारायची:

“अच्युता, ह्या रविवारी हंडा नाही ना रे मांडायचा?”